गाळ्याला मालकाचे कुलूप : व्यावसायिक भाडेकरूने काय करावे?

सकाळी दुकान उघडायला यावे, तर शटरवर आपल्या कुलपाशेजारी दुसरेच कुलूप लटकलेले दिसावे. माल आत, गिऱ्हाईक दारात आणि दुकानदार रस्त्यावर. भाडे थकले, करार संपला किंवा पुनर्विकासाची घाई झाली, की काही जागामालक असा परस्पर मार्ग पत्करतात. 'जागा माझी आहे' हे त्यांचे म्हणणे खरेही असते. परंतु मालकी आणि ताबा या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत आणि भाडेकरूचे संरक्षण या फरकावरच उभे आहे.

मालकालाही न्यायालयाची पायरी

स्थिर ताब्यात असलेल्या व्यक्तीला, तिचा तेथे राहण्याचा हक्क संपला आहे असे गृहीत धरले तरी, कायदेशीर मार्गाखेरीज बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार थकबाकीसाठीही मालकाला आधी लेखी मागणी-नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस उलटल्यावरच दावा लावता येतो. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळव्याज व खर्चासह न्यायालयात भरली, तर त्या कारणास्तव ताब्याचा हुकूमनामा होत नाही.

बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना हा कायदा लागू नाही. त्यांचे भाडेपट्टे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ खाली येतात. मात्र तेथेही भाडेकरूला बळाने हटविण्याची मुभा मालकाला नाही.

पहिल्या दिवशी

रागाच्या भरात कुलूप तोडू नये. त्याने उलट तक्रारीला निमित्त मिळते. कुलपाची व शटरची तारीखवार छायाचित्रे घ्यावीत, शेजारच्या दुकानदारांची नावे साक्षीदार म्हणून टिपून ठेवावीत आणि आतील माल, रोकड व कागदपत्रांची यादी करावी. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोहोच घ्यावी. 'ही दिवाणी बाब आहे' असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. तरीही, ताबा नेमका कोणत्या दिवशी गेला हे पुढे दाखविण्यासाठी ती पोहोच मोलाची ठरते. माल बँकेकडे तारण असल्यास बँकेला आणि विमा असल्यास विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

सहा महिन्यांची मुदत

मुख्य उपाय विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ मध्ये आहे. संमतीवाचून आणि कायदेशीर प्रक्रियेवाचून ताबा काढून घेतला गेल्यास सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो. येथे मालकी कोणाची हा प्रश्न गैरलागू ठरतो. ताबा आपला होता व तो बेकायदा हिरावला गेला, एवढेच सिद्ध करावे लागते. या निकालावर अपील नाही. सरकारविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही.

दाव्यासोबतच कुलूप काढण्याचा अंतरिम आदेश आणि मालाच्या पंचनाम्यासाठी कोर्ट कमिशनरची नेमणूक मागावी. नाशवंत माल असल्यास ते ठळकपणे मांडावे. कुलूप अद्याप लागलेले नाही, नुसती धमकी आहे, अशा स्थितीत आधीच मनाई हुकूम मागता येतो. पाणी वा वीज तोडून कोंडी केली जात असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली स्वतंत्र दाद आहे.

शांतताभंगाची शक्यता असल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ मध्ये आहे. मात्र दंडाधिकाऱ्यांना माहिती मिळण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत ताबा गेलेला असावा लागतो.

करार कोणता, पुरावा कोणता

'लिव्ह अँड लायसन्स' करार करणाऱ्यांनी अधिक सावध असावे. परवानाधारकाकडे केवळ वापराची परवानगी होती, ताबा नव्हता, असा बचाव मालक घेऊ शकतो. तरीही परवाना रद्द झाल्यावर जागा सोडण्यास व माल हलविण्यास वाजवी मुदत मिळण्याचा हक्क सुविधाधिकार कायदा, १८८२ देतो.

गुमास्ता नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिले, भाडेपावत्या आणि बँकेतून दिलेल्या भाड्याच्या नोंदी हे ताब्याचे पुरावे होत. त्यांच्या प्रती दुकानाबाहेर ठेवाव्यात, कारण टाळे लागते तेव्हा बहुधा कागदही आतच अडकतात. करार नोंदविण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

वाद चालू असतानाही भाडे धनादेशाने किंवा मनीऑर्डरने देऊ करावे आणि नाकारले गेल्यास त्याचा पुरावा जपावा.

सर्वांत मोठा धोका कुलूप लागल्यानंतरचा असतो. 'सही करा आणि माल घेऊन जा' असे सांगून ताबा सोडल्याचा कागद पुढे केला जातो. हवालदिल दुकानदार सही करतो आणि मग ताबा संमतीवाचून गेला, हे सिद्ध करणे कठीण होऊन बसते. वकिलाला दाखविल्याखेरीज अशा कागदावर सही करू नये.