न्यूयॉर्कचे पोलीस आणि गोव्हनची बॅगपाइप

न्यूयॉर्कमध्ये पोलीस किंवा अग्निशामक दलाचा जवान कामावर असताना गेला, की त्याच्या अंत्ययात्रेच्या पुढे किल्ट घातलेलं बॅगपाइपचं पथक चालतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात एकट्या अग्निशामक दलाचे ३४३ जण गेले, आणि त्यानंतर कित्येक महिने या दलाचे वादक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये वाजवत फिरत होते. ही प्रथा कुठली, असं विचारलं की एकच उत्तर मिळतं: आयरिश.

या उत्तरामागची गोष्टही ठरलेली आहे. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेत आली, इतर कुणी घेणार नाही अशी जोखमीची कामं त्यांच्या वाट्याला आली, त्यातून पोलीस आणि अग्निशामक दलं आयरिशांनी भरली, आणि त्यांनी येताना आणलेली बॅगपाइप सोबत्याला निरोप देताना वाजू लागली. यातला नोकऱ्यांचा भाग खरा आहे. बॅगपाइपचा भाग मला मुळीच पटत नाही, आणि त्याचं कारण खुद्द वाद्यातच आहे.

दुष्काळानंतर आलेल्या आयरिश वादकांकडे होती ती इलियन पाइप. तिच्यात तोंडाने हवा भरायची नसते. उजव्या काखेत छोटा भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी, आणि सुरावटीची नळी मांडीवर. नळीचं खालचं तोंड मांडीवर दाबून बंद केल्याशिवाय या वाद्याची खरी करामत साधत नाही, वरच्या सप्तकात जाता येत नाही, स्वर तोडून वाजवता येत नाही. शिवाय मनगटाने दाबायच्या चाव्यांच्या नळ्या वेगळ्या. म्हणजे हे बसून वाजवायचं, घरातलं, गोड आणि तुलनेने हळू आवाजाचं वाद्य आहे. ते घेऊन अंत्ययात्रेपुढे चालताच येत नाही.

आयरिश पोलिसांना ते प्रिय होतं, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेले फ्रान्सिस ओनील १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख होते. चांगला वादक दिसला की ते त्याला खात्यात भरती करून घेत. त्यांनी १९०३ साली छापलेल्या संग्रहात १८५० चाली आहेत, आणि आयरिश लोकसंगीताचे अभ्यासक आजही तो हाताशी ठेवतात. पण या चाली दिवाणखान्यात आणि नाचाच्या मैफलीत वाजायच्या. अमेरिकेतल्या आयरिश पोलिसांमधला संगीताचा सगळ्यात मोठा वेडा माणूस हाच, आणि त्याच्या जगातलं आवडतं पाइप आजच्या अंत्ययात्रेत कुठेच नाही. दुष्काळाच्या कथेला मला हा एकच आक्षेप पुरेसा वाटतो.

न्यूयॉर्कमध्ये वाजते ती स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली, हायलँड बॅगपाइप. तोंडाने फुंकायची, कडाडणारी, मैलभर ऐकू जाणारी. आपल्याकडे सनईच्या साथीला एकजण नुसता सूर धरून बसतो, तसा अखंड सूर धरणाऱ्या तिच्या तीन नळ्या वादकाच्या खांद्यावर असतात. यावर आयरिश अभिमानी म्हणतात, की युद्धात वाजवायची बॅगपाइप आमच्याकडेही होती. होती, हे खरं. जॉन डेरिक यांच्या १५८१ च्या पुस्तकातल्या चित्रात सैन्यापुढे चालणारा आयरिश पाइपवादक स्पष्ट दिसतो. पण ती परंपरा अठराव्या शतकात विझली. १९०० च्या आसपास राष्ट्रीय जागृतीच्या काळात आयरिश तरुणांना रस्त्यावर मिरवता येईल असं वाद्य हवं झालं, तेव्हा त्यांनी हायलँड पाइपच घेतली आणि ती आयरिश दिसावी म्हणून तिची एक सूरनळी कमी केली. ‘ब्रायन बोरू’ नावाची आयरिश पाइप निघाली, तिचं १९०८ चं पेटंट हेन्री स्टार्क या लंडनच्या कारागिराचं. आयरिश पाइपवादकांच्या केशरी किल्टची कथाही याच काळातली. जुने आयरिश लोक घालत तो केशरी रंगाचा लांब सैल सदरा. त्या सदऱ्याचा किल्ट केला तो या पुनरुज्जीवनाने. मला यात कमीपणा दिसत नाही. हरवलेली गोष्ट परत हवी असलेल्या माणसांनी शेजाऱ्याची घेतली आणि मनापासून आपली केली.

मग दुसरा तर्क पुढे येतो: अमेरिकेत स्कॉटिश लोकही भरपूर होते, त्यांच्याकडून ही पाइप आली. वाद्यापुरतं ते बरोबर आहे, पण पोलीसच का, याचा उलगडा त्यातून होत नाही. स्कॉटिश वस्ती तर शेतकरी, विणकर, खाणकामगार, व्यापारी अशी सगळीकडे पसरलेली होती.

याचं उत्तर मला मिळालं ते पाइप पथकांच्या जागतिक स्पर्धांच्या निकालांत. ग्लासगो पोलिसांच्या पथकाने हे अजिंक्यपद वीस वेळा जिंकलं, त्यात १९८१ ते १९८६ असं सलग सहा वर्षं. त्या पथकाची मुळं शोधत मागे गेलं की सापडतं ते गोव्हन. क्लाइड नदीकाठचं जहाजबांधणीचं हे गाव १९१२ साली ग्लासगोत विलीन झालं, पण त्याआधी त्याचं स्वतःचं पोलीस दल होतं, आणि त्या दलाचं पाइप पथक उभं राहिलं १८८३ साली. एडिनबराच्या पोलिसांचं पथक त्याच्या एक वर्ष आधीचं.

गोव्हन आणि ग्लासगोच्या पोलिसांत माणसं कोण होती, हे पाहिलं की सगळं जुळतं. जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हायलँडमधली कुळं उठवली, तेव्हा गेलिक बोलणारी ही माणसं क्लाइडकाठी आली. उंचीपुरी, कष्टाची सवय असलेली, शहरात कुणी ओळखीचं नसलेली. पोलिसांत त्यांची मोठी भरती झाली. न्यूयॉर्कच्या आयरिश माणसाची कथा शब्दशः हीच आहे: मुलूख सुटला, शहरात आसरा मिळाला तो गणवेशाचा. गोव्हनच्या हवालदाराने त्या गणवेशाबरोबर आपल्या गावची पाइप वाजवली, आणि पोलीस व पाइप ही जोडी तिथे जमली.

तिचा साचा मात्र लष्करी होता. ब्रिटिश लष्कराने १८५४ साली हायलँड पलटणींमधल्या पाइपवादकांना अधिकृत मान्यता दिली, आणि पुढे पाइपला ढोलताशांची जोड मिळून पथक तयार झालं. हा साचा वंशाने पसरला नाही, संस्थेने पसरला. आपल्या पायदळाच्या रेजिमेंटांची पाइप पथकं दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटला चालतात, ती याच वाटेने आलेली.

आता ग्लासगो ते न्यूयॉर्क. कॅनडातल्या व्हँकुव्हर पोलिसांचं पथक १९१४ चं. न्यूयॉर्कमधल्या आयरिश वंशाच्या पोलिसांची संघटना असलेल्या एमरल्ड सोसायटीचं पथक १९६० चं, अग्निशामक दलाचं १९६२ चं. मधली शेहेचाळीस वर्षं कशी ओलांडली? माझं म्हणणं असं, की ती शिक्षकांनी ओलांडली. तीन सूरनळ्यांची पाइप शिकवणारे उत्तर अमेरिकेत भेटत ते स्कॉटलंडहून आलेले वादक किंवा पलटणींतले निवृत्त जवान. त्यांच्याकडून वाद्य शिकलेल्या माणसाने त्यांच्या ताशांची जडणघडण, ड्रममेजरची काठी, चालण्याची शिस्त हे सगळं उचललं, आणि पोलिसांनी पाइप वाजवायची असते हा दाखलाही त्याबरोबर उचलला. न्यूयॉर्कच्या पथकाची रचना पाहा. तिच्यात ओनीलसाहेबांच्या मैफलीचं काहीही नाही, गोव्हनचं जवळजवळ सगळं आहे.

अंत्ययात्रेत वाजणाऱ्या ‘अमेझिंग ग्रेस’ या प्रार्थनागीताचीही तीच गत. शब्द जॉन न्यूटन या इंग्रज पाद्र्याचे, १७७९ साली छापलेले. चाल सिनसिनाटीत १८२९ साली छापलेली, आणि दोन्ही एकत्र आली १८३५ साली विल्यम वॉकर यांच्या संग्रहात. पाच स्वरांची आहे म्हणून ती स्कॉटिशच, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. पाच स्वर हा पुरावा नव्हे. तेच पाच स्वर आपल्या भूपातही आहेत. बॅगपाइपवर ही चाल चपखल बसते, कारण नळीच्या नऊ स्वरांत ती सहज मावते. आणि जगभर ती पाइपची म्हणून ओळखली जाऊ लागली ती रॉयल स्कॉट्स ड्रगून गार्ड्स या पलटणीच्या तबकडीमुळे. १९७२ साली ती ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे न्यूयॉर्कच्या पोलीस पथकाचं वय तेव्हा बारा वर्षं होतं.

आयरिश-अमेरिकन माणसाने या सुरांवर आपला हक्क सांगावा, त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. ३४३ सोबत्यांना निरोप देऊन त्याने तो मिळवला आहे. एवढीच विनंती आहे, की या पथकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिलं प्रकरण दुष्काळाच्या जहाजावरून सुरू करू नये. ते गोव्हनच्या पोलीस चौकीतून, १८८३ पासून सुरू करावं.