निवळी
कुचल्याच्या प्रजातीतील, पानझडी जंगलात वाढणारा मध्यम उंचीचा वृक्ष. संस्कृत नाव कतक. कुचल्याच्या बिया जहाल विषारी, निवळीच्या मात्र पाणी स्वच्छ करायला वापरतात.

पावसाळ्यात ओढ्या-विहिरींचे पाणी गढूळले की निवळीचे बी माठाच्या आतल्या बाजूस घासतात किंवा सहाणेवर उगाळून पाण्यात ढवळतात. बियांतील द्रव्यांमुळे मातीचे तरंगते कण एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात. वरचे नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचे. सुश्रुतसंहितेने सांगितलेल्या पाणी निवळण्याच्या ७ साधनांत कतक पहिले आहे, आणि हा मान रास्तच.

गाळासोबत काही जंतूही खाली बसतात, पण सगळे नव्हे. म्हणून पिण्याआधी पाणी उकळलेच पाहिजे. इंधन नसेल तर पारदर्शक बाटलीत भरून किमान ६ तास कडक उन्हात ठेवावे. गढूळ पाण्यात अतिनील किरण खोलवर पोचत नाहीत, त्यामुळे उन्हाआधी निवळी.