कौटुंबिक संगीत वर्गणी

कौटुंबिक संगीत वर्गणी म्हणजे इंटरनेटवरून संगीत ऐकवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवेचे असे सशुल्क सदस्यत्व, ज्यात एका व्यक्तीने भरलेल्या मासिक शुल्कावर एकाच घरातील अनेक व्यक्तींना आपापली स्वतंत्र खाती वापरता येतात. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिक या सेवांनी अशा योजना आणल्या. शुल्क भरणारी व्यक्ती धरून कमाल सहा जण, हे प्रमाण या तिन्ही सेवांत रूढ झाले. शुल्क भरणाऱ्यास स्पॉटिफाय व यूट्यूब ‘व्यवस्थापक’ या अर्थाचा शब्द वापरतात, तर ॲपल ‘संयोजक’ या अर्थाचा.

संज्ञा

मराठीत ‘वर्गणी’ हा शब्द गणेशोत्सव, वाचनालय आणि नियतकालिके यांच्या संदर्भात रुळलेला आहे. मासिकाचा वर्गणीदार एक असला, तरी अंक घरातील सर्वांनी वाचावा हे गृहीतच असे. संगीत सेवांची व्यक्तिगत वर्गणी मात्र तशी नसते. स्पॉटिफायवर एका खात्यावरून एका वेळी एकाच उपकरणावर गाणी प्रवाहित होतात. दुसऱ्याने दुसऱ्या फोनवर गाणे लावले की पहिल्याचे थांबते. आईने लावलेली भूपाळी मुलाने रेल्वेत गाणे सुरू करताच बंद पडावी, हा अनुभव ज्या घरांत एकच खाते सर्वजण वापरतात तेथे नेहमीचा आहे.

एकाच खात्याच्या वापरातून दुसरा, कमी दिसणारा परिणामही होतो. या सेवा ऐकलेल्या गाण्यांच्या नोंदीवरून पुढची गाणी सुचवतात. आजोबांचे नाट्यसंगीत, नातीची कोरियन गाणी आणि बाळाला झोपवण्यासाठी रोज लावलेले अंगाईगीत एकाच नोंदीत मिसळले, की सूचना कोणाच्याच कामाच्या उरत नाहीत. म्हणून कौटुंबिक वर्गणीचे खरे वैशिष्ट्य सवलतीपेक्षाही स्वतंत्र खाते हे आहे. प्रत्येकाच्या गीतसूच्या, शोध आणि सूचना वेगळ्या राहतात. सामाईक असते ते केवळ बिल.

इतिहास

स्पॉटिफाय ही स्वीडिश सेवा २००८ साली सुरू झाली. तिने ऑक्टोबर २०१४ मध्ये कौटुंबिक योजना जाहीर केली. तीत पहिल्या सदस्यास पूर्ण दर आणि पुढच्या प्रत्येकास निम्मा दर अशी आकारणी होती. अमेरिकेत पाच जणांसाठी मासिक शुल्क २९.९९ डॉलर होत असे. ३० जून २०१५ रोजी सुरू झालेल्या ॲपल म्युझिकने सहा जणांसाठी सरसकट १४.९९ डॉलर हा दर ठेवला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुगलच्या तत्कालीन संगीत सेवेनेही कौटुंबिक योजना आणली आणि मे २०१६ मध्ये स्पॉटिफायनेही आपला दर सहा जणांसाठी १४.९९ डॉलरवर आणला. या स्पर्धेतून ठरलेला दर पुढे टिकला नाही: स्पॉटिफायच्या या योजनेचे अमेरिकेतील शुल्क २०२१ मध्ये १५.९९, २०२३ मध्ये १६.९९ आणि २०२४ मध्ये १९.९९ डॉलर झाले. एकाच घरातील दोघांसाठी ‘ड्युओ’ ही वेगळी योजना स्पॉटिफायने २०२० मध्ये अनेक देशांत खुली केली.

भारतात ॲपल म्युझिक २०१५ पासून, तर स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक २०१९ पासून उपलब्ध आहेत. येथील दर सुरुवातीपासून पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी राहिले. ॲपल म्युझिकने २०१९ मध्ये व्यक्तिगत शुल्क दरमहा ९९ रुपये व कौटुंबिक शुल्क १४९ रुपये केले. स्पॉटिफायचे हे दर काही वर्षे अनुक्रमे ११९ व १७९ रुपये होते. म्हणजे घरात दोघे जण ऐकणारे असले तरी दोन व्यक्तिगत वर्गण्यांपेक्षा कौटुंबिक वर्गणी स्वस्त पडे. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सदस्य जवळजवळ फुकट. योजनांची नावे, सदस्यसंख्या व दर कंपन्या वेळोवेळी बदलतात, त्यामुळे नोंदणीच्या दिवशीची माहिती त्या त्या सेवेच्या पानावर पाहणे इष्ट.

‘कुटुंब’ कोणास म्हणावे

या योजनांतील सर्वाधिक वादाचा मुद्दा दराचा नाही, तर व्याख्येचा आहे. स्पॉटिफायच्या अटींनुसार सर्व सदस्य एकाच पत्त्यावर राहणारे असले पाहिजेत. यूट्यूबचीही अट एकाच घरात राहण्याची आहे. म्हणजे ‘कौटुंबिक’ हे नाव नात्याचे असले तरी नियम छपराचा आहे. पुण्यात वसतिगृहात राहणारा सख्खा मुलगा या नियमात बसत नाही. घरात राहणारा भाचा बसतो.

मराठी समाजाला ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे कुटुंब वेगळे झाले, असे येथे पूर्वापार म्हटले जाते. भारताच्या जनगणनेतही एकत्र राहणारा व एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणारा व्यक्तिसमूह हे एक कुटुंब मानले जाते. फरक इतकाच, की चुलीचा हिशेब गावाला ठाऊक असतो आणि संगीत सेवेला तो फोनकडून काढून घ्यावा लागतो.

तो कसा काढावा यावरून २०१८ मध्ये स्पॉटिफायवर टीका झाली. काही देशांतील कौटुंबिक सदस्यांना कंपनीने फोनमधील जीपीएसद्वारे आपले ठिकाण पडताळून देण्यास सांगितले आणि तसे न केल्यास योजनेतून प्रवेश जाऊ शकेल असे कळवले. घरापासून दूर असलेल्या खऱ्या कुटुंबीयांनी आणि ठिकाण सांगण्यास नाखूश असलेल्यांनी आक्षेप घेतल्यावर हा प्रयोग थांबवण्यात आला. २०१९ मध्ये अटी सुधारून पत्ता नोंदवण्याची व वेळोवेळी पडताळण्याची पद्धत आली. पत्ता शोधण्यासाठी गुगल मॅप्सचा वापर होऊ लागला. यूट्यूबची पडताळणी दर तीस दिवसांनी उपकरणाद्वारे होते.

ॲपलची पद्धत वेगळी आहे. तेथे संगीताची वर्गणी ‘फॅमिली शेअरिंग’ या २०१४ मध्ये आलेल्या व्यापक व्यवस्थेवर आधारलेली आहे. तीत पत्त्याच्या पडताळणीवर भर नसला, तरी सर्व सदस्यांच्या खात्यांचा देश एकच असावा लागतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला नाशिकच्या आईवडिलांच्या वर्गणीत सामील करून घेण्याचे बेत बहुधा याच ठिकाणी अडतात. अमेरिकेतील खाते भारतीय कुटुंबगटात चालत नाही. ज्या घरांतील एक पिढी आखातात किंवा अमेरिकेत आहे, त्यांना व्यवहारात दोन वर्गण्या घ्याव्या लागतात.

योजना सुरू करणे

प्रथम एका प्रौढ व्यक्तीने आपल्या खात्यातून योजना निवडून शुल्क भरण्याची पद्धत नोंदवायची असते. त्यानंतर इतरांना आमंत्रणाचा दुवा ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून पाठवता येतो. स्पॉटिफायवर आमंत्रित व्यक्तीने स्वतःच्या खात्यात प्रवेश करून पत्ता भरायचा असतो आणि तो व्यवस्थापकाने दिलेल्या पत्त्याशी जुळावा लागतो. एकाने इमारतीचे नाव आणि दुसऱ्याने सर्व्हे क्रमांक लिहिला, की घर एकच असूनही अडचण येऊ शकते. व्यवस्थापकाने भरलेला पत्ता जसाच्या तसा इतरांस पाठवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

नोंदणीतील आणखी एक नेहमीची चूक म्हणजे दुहेरी खाते. पूर्वी फेसबुकद्वारे प्रवेश केलेली व्यक्ती आमंत्रण उघडताना ईमेल वापरते, नकळत नवे खाते तयार होते, आणि मग जुन्या गीतसूच्या ‘नाहीशा’ होतात. त्या नाहीशा झालेल्या नसतात, दुसऱ्या खात्यात असतात. सशुल्क झाले ते मात्र नवे, रिकामे खाते. घरातील ज्येष्ठांची खाती बहुधा दुसऱ्या कोणी उघडून दिलेली असल्यामुळे, कोणते खाते कोणत्या ईमेलवर आहे याची नोंद कागदावर ठेवलेली बरी.

गुगलच्या कुटुंबगटात शिरण्यापूर्वी विचार करावा लागतो. एका व्यक्तीला एका वेळी एकाच गटात राहता येते आणि गट बदलण्यास बारा महिन्यांतून एकदाच मुभा असते. स्पॉटिफायवरही एका कौटुंबिक योजनेतून दुसऱ्या योजनेत जाण्यावर वर्षातून एकदाचीच मर्यादा आहे. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या सदस्याला या मर्यादेमुळे काही महिने थांबावे लागू शकते.

व्यवस्थापकाचे अधिकार व मर्यादा

स्पॉटिफायच्या व्यवस्थापकास सदस्य जोडता व काढता येतात, तसेच आक्षेपार्ह शब्द असलेली गाणी एखाद्या सदस्याच्या खात्यावर बंद करता येतात. कोण काय ऐकतो, हे मात्र त्याला या पदामुळे कळत नाही. बिल भरणाऱ्यास पाहण्याचाही हक्क आहे, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही.

लहान मुलांसाठी स्पॉटिफायने ‘स्पॉटिफाय किड्स’ हे वेगळे ॲप ऑक्टोबर २०१९ मध्ये आयर्लंडपासून सुरू केले. ते कौटुंबिक योजनेचाच भाग होते. ॲपलच्या व्यवस्थेत १३ वर्षांखालील मुलाचे खाते पालकास काढून द्यावे लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमात मात्र १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ॲपलच्या संयोजकाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. खरेदीची सामाईक सोय सुरू असेल, तर इतर सदस्यांनी घेतलेल्या ॲप वा अन्य वस्तूंचे पैसेही त्याच्याच खात्यातून जातात. केवळ संगीतासाठी गट करणाऱ्यांनी ही सोय बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते.

भारतातील देयक व्यवस्था

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वजावटीसाठी ग्राहकाची नोंदवलेली संमती आणि वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना आवश्यक झाली. अतिरिक्त पडताळणीशिवाय होणाऱ्या व्यवहाराची मर्यादा प्रारंभी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. संगीताचे शुल्क या मर्यादेच्या कितीतरी खाली असले तरी संमतीची नोंद नसलेल्या जुन्या वर्गण्या त्या काळात खंडित झाल्या. यूपीआयद्वारे आवर्ती देयकाची सोय २०२० पासून उपलब्ध आहे.

कौटुंबिक वर्गणीत अशा खंडाचा परिणाम एकट्या व्यवस्थापकापुरता राहत नाही. त्याच्या कार्डाची मुदत संपली, की सहाही खात्यांची सशुल्क सोय जाते. स्पॉटिफायवर खाती विनामूल्य श्रेणीत परततात. गीतसूच्या राहतात, पण जाहिराती सुरू होतात आणि उतरवून ठेवलेली गाणी ऐकता येत नाहीत. ॲपल म्युझिकला विनामूल्य श्रेणी नसल्याने तेथे ऐकणेच थांबते.

कलावंतांचा मोबदला

या सेवांचे उत्पन्न बहुतांशी एकत्र करून ऐकण्याच्या प्रमाणात हक्कधारकांत वाटले जाते. सहा जणांचे ऐकणे एका सवलतीच्या शुल्कावर होत असल्याने प्रत्येक ऐकण्यामागील रक्कम घटते, अशी संगीतकार व गीतकारांची तक्रार आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट रॉयल्टी मंडळाने २०१८ च्या निर्णयात गीतकारांच्या मानधनाचा हिशेब करताना कौटुंबिक वर्गणी दीड वर्गणीदाराइतकी आणि विद्यार्थ्याची वर्गणी अर्ध्या वर्गणीदाराइतकी धरली.

व्यवस्थापक बदलणे

व्यवस्थापकपद एकाकडून दुसऱ्याकडे थेट सोपवण्याची सोय स्पॉटिफाय, ॲपल व गुगल या तिन्ही ठिकाणी नाही. नव्या व्यक्तीला आपल्या नावे योजना वा गट उभारून सर्वांना पुन्हा आमंत्रित करावे लागते. ॲपलवर गटात १३ वर्षांखालील मूल असल्यास, ते दुसऱ्या कुटुंबगटात हलवल्याशिवाय गट मोडता येत नाही. पतिपत्नी विभक्त होतात किंवा शुल्क भरणाऱ्या व्यक्तीचा मृत्यू होतो, तेव्हा ही बाब विशेष जाचक ठरते. मृताचे बँक खाते गोठल्यावर वजावट थांबते आणि घरच्यांची सशुल्क सोयही एकाएकी जाते. स्पॉटिफायवरील इतर सदस्यांची खाती स्वतंत्र असल्याने त्यांच्या गीतसूच्या सुरक्षित राहतात. मृताच्या खात्यातील गीतसूच्या मात्र त्याच्या ईमेल व पासवर्डाविना उघडता येत नाहीत. त्यांतील एखादी सूची जपायची असेल, तर ती खाते चालू असतानाच घरातील दुसऱ्या कोणाशी सामाईक केलेली असावी लागते.