भूक वाढवणारे औषध, न जेवणारा रोगी

भांग घेतलेल्या माणसाला खा-खा सुटते, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' ग्रंथातही भांग पाचक व जठराग्नी वाढवणारी म्हटली आहे. 1839 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी ती आधी प्राण्यांना, मग रोग्यांना देऊन पाहिली. वेदना कमी होण्याबरोबर भूक वाढल्याचीही त्यांनी नोंद केली.

पुढे 1873 मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी एका वेगळ्याच आजाराचे वर्णन केले. रोगी बहुधा किशोरवयीन मुली. शरीरात दोष सापडत नाही, पण अन्न नको. गल यांनी त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' म्हटले. ग्रीक 'अ‍ॅनोरेक्सिया' म्हणजे भूक नसणे.

आता आपल्यालाही वाटेल, की भूक नाही, तर भूक वाढवणारे औषध द्या! भांगेतील मुख्य मादक द्रव्य टीएचसी हे 1964 मध्ये इस्राएलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळे केल्यामुळे ते मोजून देता येऊ लागले. 1983 मध्ये अमेरिकेत 11 रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तुलनेसाठी साखरेची गोळी दिली असती तर गुंगी न आल्याने रोग्याने ती लगेच ओळखली असती, म्हणून डायझेपाम हे गुंगी आणणारे औषध दिले. (प्रयोगाची रचना शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.) टीएचसीने वजन वाढले नाहीच, उलट तिघांना तीव्र मानसिक त्रास झाला.

असे का व्हावे? आमच्या मते घोटाळा नावापासूनच आहे. या रोग्यांना भूक लागते. अनेकदा तर मनात सतत अन्नाचेच विचार असतात. भीती असते ती जाड होण्याची. अशा मुलीची भूक आणखी वाढवली, तर तिची भीतीही वाढू शकते. जर्मन भाषेत याच आजाराला 'मागरझुख्त', म्हणजे कृश होण्याचे वेड म्हणतात. ते नाव अधिक नेमके. याउलट एड्सच्या रोग्यांची भूक खरोखरच मंदावते. त्यांचे वजन घटू लागल्यास द्यायला, कृत्रिमरीत्या बनवलेल्या टीएचसीला (ड्रोनाबिनॉल) अमेरिकेत 1992 मध्ये मान्यता मिळाली.

2014 मध्ये डेन्मार्कमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. अनेक वर्षे आजारी असलेल्या 24 स्त्रियांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हेच औषध अल्प मात्रेत दिले होते. चार आठवड्यांत वजन, औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत, सरासरी 0.73 किलोने अधिक वाढले. आजाराची मानसिक लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीत मात्र फरक दिसला नाही.