शुक्रवाहिनीचा जन्मजात अभाव : शल्यचिकित्सेच्या इतिहासातील एक प्रकरण

अपत्यहीनतेचा दोष पत्नीच्या माथी मारण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. पुरुषाकडे बोट वळलेच, तर त्यास 'नपुंसक' म्हटले जाते. वस्तुतः जन्मतः दोन्ही शुक्रवाहिन्या नसलेला पुरुष नपुंसक नसतो. त्याच्या वृषणांत शुक्रजंतू सामान्यतः निर्माण होतात; त्यांना बाहेर पडण्यास वाट मात्र नसते.

ही विकृती शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७५५ मध्ये शवविच्छेदनात पाहिली. पुढे १९०२ साली फिलाडेल्फियात एडवर्ड मार्टिन यांनी शुक्रवाहिनी अधिवृषणास चांदीच्या तारेने जोडून अडलेला मार्ग मोकळा करण्याचा उपाय दाखविला. परंतु जोडण्यास शुक्रवाहिनी तर हवी!

या मर्यादेचे महत्त्व मुंबईतील संशोधनाच्या संदर्भात स्पष्ट होते. नसबंदीनंतर शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याचा अनुभव जी. एम. फडके व ए. जी. फडके यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. ७६ रुग्णांपैकी ८३ टक्क्यांच्या वीर्यात शुक्रजंतू परतले आणि ५५ टक्क्यांच्या बाबतीत गर्भधारणा झाली. ए. एम. फडके व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये देवीचा रोग हेही पुरुषवंध्यत्वाचे एक कारण असल्याचे मांडले. देवीचे व्रण केवळ चेहऱ्यावरच राहत नाहीत. अधिवृषणातील मार्गही बुजतो. म्हणजे वाट कापलेली असेल, बुजलेली असेल किंवा मुळातच नसेल. पहिल्या दोहोंत जोडणीचा विचार संभवतो, तिसरीत नाही.

हा भेद ओळखण्यास प्रथम हाताची बोटे पुरतात. अंडकोशात दोरीसारखी शुक्रवाहिनी लागत नाही. वीर्य अल्प व आम्लधर्मी असते आणि त्यात बहुधा फ्रुक्टोज शर्करा आढळत नाही.

अशा रुग्णांसाठी शल्यचिकित्सेने अखेर आपले उद्दिष्टच बदलले. मार्ग बांधण्याऐवजी अधिवृषणातून शुक्रजंतू काढून बीजांडाशी त्यांचा संयोग शरीराबाहेर घडविण्यात येऊ लागला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या हर्षा चावडा हिच्यामुळे शरीराबाहेरील फलन मुंबईस परिचित झाले होते. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून एकच शुक्रजंतू बीजांडात सोडण्याची पद्धती जाहीर झाली आणि या उपचारास बळ आले.

तथापि या अभावामागे अनेकदा १९८९ मध्ये ओळखल्या गेलेल्या 'सीएफटीआर' या जनुकातील दोष असतो. तो अपत्यात उतरू शकतो. म्हणून उपचारापूर्वी पत्नीचीही जनुकीय तपासणी इष्ट ठरते. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीचे दाम्पत्य आज तज्ज्ञाकडे जाते, तेव्हा या इतिहासाचा बोध एवढाच : पत्नीवर शस्त्रक्रियांचा मारा होण्यापूर्वी पतीची साधी तपासणी व्हावी.