अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा

उष्णतेच्या लाटेत शहरातली माणसे दगावू नयेत म्हणून अहमदाबाद महानगरपालिकेने एप्रिल २०१३ मध्ये सुरू केलेली योजना. दक्षिण आशियातल्या शहरांत अशी ही पहिलीच. वाढत्या तापमानाशी सामना करताना पालिकेने संशोधक, डॉक्टर, हवामान खाते आणि वस्तीतल्या बायका यांना सोबत कसे घ्यावे, याचा सर्वांत जास्त अभ्यास झालेला भारतीय नमुना म्हणून तिचे महत्त्व आहे. ‘हीट अॅक्शन प्लॅन’ हे इंग्रजी नावही सर्रास वापरात आहे.

या योजनेमागे मे २०१० चा उन्हाळा आहे. २१ मे रोजी अहमदाबादचा पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर गेला. शहर उन्हाला सरावलेले. उन्हाळ्यात असे होतेच, असेच तेव्हा मानले गेले. पुढे पालिकेच्याच मृत्युनोंदी काढून त्यांची मागच्या वर्षांशी तुलना झाली, तेव्हा त्या एका महिन्यात ४,४६२ मृत्यू झाल्याचे आढळले. नेहमीच्या मे महिन्यापेक्षा हे १,३४४ ने, म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त होते. उन्हाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे किंवा नुसता ताप असे कारण लिहिलेले असते. त्यामुळे एवढी मोठी हानी घडत असताना ती कोणाच्याच हिशेबात आली नव्हती.

हा हिशेब मांडण्याचे काम पालिकेने एकटीने केले नाही. गांधीनगरची भारतीय लोकस्वास्थ्य संस्था आणि तिचे तेव्हाचे संचालक डॉ. दिलीप मावळंकर, अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही पर्यावरण संस्था, तसेच माउंट सायनाय आणि एमरी येथील वैद्यकीय व आरोग्य शिक्षणसंस्था यात भागीदार होत्या. आराखडा लिहिण्याआधी झोपडपट्टीतल्या ३०० घरांची पाहणी करण्यात आली. बाहेर उन्हात राबणारे, पाण्याची सोय दूर असलेले, घरात आधीच आजारी माणूस असलेले यांना ऊन किती बाधते, हे त्यातून कळले. आराखड्याचा पाया अशा पाहणीवर उभा राहिला, हे त्याचे खरे बळ. पुढे अनेक शहरांनी मजकूर उचलला आणि नेमकी ही पाहणी वगळली.

योजनेचे कामकाज साधे आहे. पालिकेत एक समन्वय अधिकारी नेमलेला असतो. सुरुवातीची काही वर्षे अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील तज्ज्ञ सात दिवस आधीचा अंदाज पुरवत. पुढे ती जबाबदारी भारतीय हवामान खात्याकडे आली. कमाल तापमान ४१.१ ते ४३ अंश असेल तर पिवळा इशारा, त्यापुढे ४५ अंशांच्या आतपर्यंत नारिंगी आणि ४५ वा अधिक असेल तर लाल. इशारा निघाला की कोणी काय करायचे हे आधीच लिहून ठेवलेले आहे. ‘१०८’ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, दवाखान्यांनी क्षारसंजीवनीचा साठा आणि खाटा तयार ठेवायच्या, पाणपोया वाढवायच्या, एरवी दुपारी बंद असणाऱ्या बागा सावलीसाठी उघड्या ठेवायच्या. फलक, पत्रके, मोबाइलवरचे संदेश गुजरातीतून जातात. आरोग्यसेविका घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची विचारपूस करतात. ऊन लागल्याची लक्षणे ओळखण्याचे आणि मृत्यूचे खरे कारण नोंदवण्याचे प्रशिक्षण डॉक्टरांना देण्यात आले. यातल्या कोणत्याच गोष्टीला मोठा खर्च नाही. खरी अडचण असते ती इतक्या खात्यांना एकाच दिवशी एकाच कामाला लावण्याची.

शारदाबेन रुग्णालयातील बदल मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २०१० मध्ये या पालिका रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष अगदी वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता आणि तिथे वातानुकूलन नव्हते. जन्मून काही दिवसच झालेली बाळे उष्णतेच्या त्रासाने अतिदक्षता विभागात दाखल होऊ लागली. कक्ष खालच्या मजल्यावर हलवण्यात आला. ४२ अंशांपुढे पारा एकेका अंशाने चढला की अशी बाळे दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी वाढत होते, आणि कक्ष खाली आणल्याने हे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष या नोंदींच्या अभ्यासातून निघाला. नवी इमारत नाही, नवे यंत्र नाही. खाटा हलवल्या आणि बाळे वाचली.

इशारा मिळाला तरी माणूस जाणार कुठे, हा प्रश्न मात्र उरतोच. पत्र्याच्या वा सिमेंटच्या छपराखालची एका खोलीची घरे दुपारी भट्टीसारखी तापतात आणि रात्रीही निवत नाहीत. म्हणून २०१७ पासून आराखड्यात शीतछतांचा समावेश झाला. त्या वर्षी प्रायोगिक तत्त्वावर स्वयंसेवकांच्या मदतीने गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० छपरांना पांढरा चुना फासण्यात आला. पांढरे छत ऊन परतवते आणि खोलीतले तापमान २ ते ५ अंशांनी उतरू शकते. या कामात महिला हाउसिंग ट्रस्टचा वाटा मोठा आहे. ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेतून १९९४ साली उभी राहिलेली ही संस्था वस्तीतल्याच बायकांना तयार करते. घरातली उष्णता कशी मोजायची, छपराला काय लावायचे, पालिकेकडे काय मागायचे, हे त्या शेजारणींना समजावतात. पालिकेचा फलक जे करू शकत नाही, ते ओळखीच्या बाईच्या दोन शब्दांनी होते. शिवणकाम, विडीकाम, पापड लाटणे अशी कामे घरात बसूनच होतात. अशा बाईला ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला अपुरा आहे, हेही या संघटनांनीच पुढे आणले.

परिणामांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ आणि २०१५ या वर्षांची योजनेपूर्वीच्या वर्षांशी तुलना करून, दरवर्षी सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज त्यात मांडला आहे. हा सांख्यिकी अंदाज असून त्याची कमाल-किमान मर्यादा बरीच रुंद आहे. तरी रोख स्पष्ट दिसतो. २० मे २०१६ रोजी शहरात ४८ अंशांची विक्रमी नोंद झाली, तेव्हा ही सगळी यंत्रणा हाताशी होती.

अहमदाबादनंतर ज्यांनी लवकर पाऊल उचलले त्यांत नागपूर होते. २०१६ मध्ये नागपूर महापालिकेने आजूबाजूच्या गावांनाही सामावणारा आराखडा केला. विदर्भात डोक्याला दुपट्टा बांधूनच बाहेर पडणे अंगवळणी पडलेले आहे, पण रस्त्यावर राबणाऱ्याला सवय किती वाचवणार? कोकण किनाऱ्यावरचे दुखणे वेगळे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. तिथला पारा विदर्भाच्या मानाने खूपच खाली होता. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही. म्हणून अहमदाबादचे आकडे जसेच्या तसे किनाऱ्यावर चालत नाहीत. ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये ‘सीईईडब्ल्यू’ या दिल्लीच्या संशोधनसंस्थेबरोबर स्वतःचा आराखडा केला, तो या दृष्टीने योग्य दिशेचा आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आराखड्यांची संख्या झपाट्याने वाढली. दर्जा मात्र त्या वेगाने वाढला नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने मार्च २०२३ मध्ये १८ राज्यांतील ३७ आराखडे तपासले. धोक्याची तापमान-मर्यादा स्थानिक परिस्थितीनुसार ठरवलेले १० निघाले, पैसा कुठून येणार हे सांगणारे तीन, आणि कोणत्या लोकांना सर्वाधिक धोका आहे याची पाहणी केलेले फक्त दोन. बहुतेकांना कायद्याचा भक्कम आधारही नव्हता. कायदा आणि अंदाजपत्रकातली तरतूद नसेल, तर असा आराखडा एखाद्या तळमळीच्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर थंडावू शकतो. उन्हाळा मात्र दरवर्षी येतो. आपल्या नगरपालिकेचा आराखडा आहे का, त्यात समन्वय अधिकाऱ्याचे नाव आणि पैशाची तरतूद आहे का, हे फेब्रुवारीतच विचारून घेण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि तो त्याने बजावावा.