अश्वशर्यतीतील कौशल्याचा इतिहास : जॉकी व प्रशिक्षक पेसी श्रॉफ

प्रस्तावना

विदर्भातील शंकरपटात बैलजोडीबरोबरच ती हाकणाऱ्या धुरकऱ्याचेही कौतुक होते. अश्वशर्यतींचा इतिहास मात्र बहुधा घोडे, मालक आणि सट्टा यांभोवतीच फिरतो. घोडा घडविणाऱ्या व धावविणाऱ्या माणसांचे ज्ञान त्यात दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात पेसी श्रॉफ यांच्या कारकिर्दीच्या आधारे या ज्ञानाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ मध्ये सुरू झाले. तेथे १९४३ पासून 'इंडियन डर्बी' ही मानाची शर्यत होऊ लागली. पहिली विजेती घोडी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' बडोद्याच्या महाराजांची होती. ही २,४०० मीटरची शर्यत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असल्याने प्रत्येक घोड्यास ही संधी आयुष्यात एकदाच मिळते.

जॉकी ते प्रशिक्षक

श्रॉफ यांनी जॉकी म्हणून १,७५१ विजय मिळविले. त्यांत १०६ क्लासिक शर्यती होत्या. इंडियन डर्बी त्यांनी ८ वेळा जिंकली. २००४ मध्ये त्यांनी घोडेस्वारी थांबवून प्रशिक्षकाचा व्यवसाय पत्करला.

ही दोन कामे वरवर सारखी वाटली तरी त्यांची कालमर्यादा भिन्न आहे. जॉकीला स्वतःचे वजन आटोक्यात ठेवून, सुमारे अडीच मिनिटांत, घोड्याची शक्ती केव्हा राखायची व केव्हा खर्चायची हे ठरवावे लागते. प्रशिक्षकास तोच निर्णय महिनोन्महिने घ्यावा लागतो. पहाटेचा सराव, खुराक, नालबंदी, विश्रांती, योग्य शर्यतीची निवड आणि मोतद्दारांकडून मिळणारी घोड्याच्या प्रकृतीची वार्ता या सर्वांचा मेळ त्याला घालावा लागतो. शर्यत सुरू झाल्यावर मात्र लगाम दुसऱ्याच्या हाती असतो.

यशस्वी जॉकीकडे उत्तम घोडे आपोआप येतात. म्हणून केवळ विजयांची संख्या कौशल्याचा निर्णायक पुरावा ठरत नाही, असा आक्षेप घेता येईल. धनिक मालकांचे पाठबळ प्रशिक्षकासही लागते, हेही खरे. तथापि श्रॉफ यांच्या तबेल्यातील 'जॅकलिन' या घोडीने २०१० मध्ये इंडियन डर्बी जिंकली, तेव्हा खोगिरावर ते स्वतः नव्हते. स्वारीतून मिळालेले ज्ञान दुसऱ्याच्या स्वारीतही फळास येऊ शकते, हे त्यातून दिसते.

निष्कर्ष

अश्वशर्यत हा निव्वळ नशिबाचा नव्हे, तर प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात स्पष्ट केले. घोड्याचे प्रशिक्षण आणि जॉकीचे नैपुण्य या बाबी त्या विवेचनात महत्त्वाच्या ठरल्या. न्यायालयाने मान्य केलेल्या या कौशल्याची नोंद इतिहासलेखनानेही घेणे आवश्यक आहे. श्रॉफ यांच्यासारख्या विजेत्यांची आकडेवारी निदान उपलब्ध आहे. मोतद्दार, नालबंद व सरावस्वार यांच्या श्रमांचा इतिहास मात्र अजून लिहावयाचा आहे.